पार्कातल्या ट्रेलवर मागची ट्यूब सारखी फुटते, पुढचं चाक वळणावर निसटतं. हवा किती ठेवायची?

प्रश्न – नवी_चेन

माउंटन सायकल हार्डटेल आहे, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे. २९ इंची चाकं, २.२५ चे टायर, आत साधी ट्यूब, पुढे १०० मिमी दबणारा, हवेवर चालणारा एअर फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. पाण्याच्या पिशवीसकट माझं वजन ७४ किलो. फेरी १२ किमीची, हिरव्या आणि निळ्या (सोप्या आणि मध्यम) खुणांच्या ट्रेलवरची: वर आलेली मुळं, अधूनमधून दगड, वळणांवर सुटी खडी. हवा दोन्ही चाकांत २८ पीएसआय.

१. मुळांवरून जाताना मागची ट्यूब जाते. भोकं दोन, शेजारी शेजारी.
२. खडीच्या वळणावर पुढचं चाक बाहेर सरकतं.
३. लांब उतारावर ब्रेक धरून बोटं आखडतात.

हवा वाढवली की निसटणं वाढतं, कमी केली की पंक्चर. नक्की कुठे थांबायचं?

उत्तर – स्पोक_बत्तीस

दोन्ही चाकांत सारखी हवा ही पहिली चूक. बसून चालवताना निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या चाकावर असतो, त्यामुळे २८ मागे कमी पडते आणि पुढे जास्त होते. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच आकड्यातून निघाल्यात.

शेजारची दोन भोकं म्हणजे काटा नव्हे. टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडा नि मूळ यांच्यात चिमटली. ट्यूब असेपर्यंत मागे ३०, पुढे २५ पासून सुरुवात करा. मग तेच वळण, तोच वेग, आणि एका वेळी एकच पीएसआय बदला. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

हवा मोजायला मोठ्या पंपाच्या काट्यावर विसंबू नका. १६० पीएसआयपर्यंतच्या तबकडीवर २५ आणि २८ मधला फरक काट्याच्या जाडीएवढाच दिसतो. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या आणि दर वेळी तोच वापरा. आकडा किंचित चुकीचा असला तरी चालेल, रोज तेवढाच चुकीचा हवा.

आता हवेपलीकडचं. मुळं येण्याआधी सीटवरून उठा, दोन्ही पेडल आडव्या रेषेत, गुडघे-कोपरं सैल. बसून मुळावर गेलात तर ३५ पीएसआयलाही ट्यूब चिमटू शकते. मूळ शक्यतो काटकोनात ओलांडा आणि चाक त्यावर असताना ब्रेक सोडलेला ठेवा. तिरकं, ओलं मूळ आणि दाबलेला ब्रेक हे तिन्ही एकत्र आले की सायकल आडवी होणारच.

उत्तर – दूधवाला_टायर

वरचं बरोबर आहे, पण ट्यूबमध्ये अडकून राहायचं कशाला? रिम आणि टायर दोन्हींवर ट्यूबलेस रेडी लिहिलेलं असेल तर ट्यूबलेस करा. चिमटायला ट्यूबच नसते, म्हणून पुढे २१, मागे २४ वर आरामात जाता येतं. खडीतली पकड तिथेच सुधारते.

स्पोकची भोकं झाकणारी टेप रिमच्या आतल्या मापापेक्षा २ ते ४ मिमी रुंद घ्या. रिम आधी अल्कोहोलने पुसा, टेप ताणून चिकटवा, व्हॉल्व्हचं भोक बारीक पाडा. व्हॉल्व्हचा नट हातानेच कसायचा. पक्कड लावलीत तर ट्रेलवर ट्यूब घालायची वेळ आल्यावर तो निघणार नाही. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) काढून हवा जोरात एकदम सोडा. टायर रिमवर बसल्याचे फटाफट आवाज येतील. मग कोअरच्या जागेतून साधारण १०० मिली सीलंट (भोकं आतून बुजवणारं द्रव), कोअर परत, हवा, चाक हलवून दोन्ही बाजूंनी आडवं ठेवायचं.

स्पोकच्या मुळाशी फेस दिसला तर दोष टायरचा नाही, टेपचा. तो सीलंटने झाकत बसू नका, टेप नव्याने लावा.

सीलंट तीन-चार महिन्यांत वाळतं, उन्हाळ्यात त्याआधीच. आणि एक ट्यूब सोबत हवीच. मात्र ती घालण्याआधी टायरच्या आतून जपून हात फिरवा. सीलंटने बुजवलेले काटे तिथेच असतात, ते नव्या ट्यूबला लगेच भेटतात.

उत्तर – आतली_लाईन

निसटण्याचं खापर सगळं हवेवर फोडू नका. खडीत पुढचं चाक जातं ते बहुतेक वेळा वळणाच्या मधोमध ब्रेक धरल्याने, नाहीतर घाबरून अंग मागे नेल्याने. अंग मागे गेलं की पुढच्या चाकावर वजन उरत नाही, मग ते चावणार कशाला? ब्रेक वळणाआधी संपवा. बाहेरचं पेडल खाली आणि त्यावर वजन, कोपरं बाहेर, हनुवटी हँडलच्या वर. सायकल कलू द्या, स्वतः तिच्याइतके कलू नका. नजर वळण संपतं तिथे. चाकासमोरच्या दगडाकडे बघाल तर त्याच दगडावर जाल. उतार सुरू होण्याआधी सीट ५-६ सेंमी खाली घ्या, नाहीतर यातलं काहीच जमणार नाही.

फोर्कही तपासा. लॉकआऊट (फोर्कला दबू न देणारी कळ) उघडा आहे ना? पार्किंगमधून चढ चढताना बंद केलेला लॉक उतारावर तसाच राहणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. मग सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते बघा: फोर्कच्या नळीवरचं रबरी कडं खाली सरकवा, सायकलवर पेडलवर उभे राहा, न हिंदकळता उतरा. कडं १५ ते २० मिमी सरकलेलं हवं.

उत्तर – एक_बोट

बोटांचा प्रश्न सर्वांनी सोडला. लिव्हर ग्रिपला चिकटून बसवला असेल तर तर्जनी त्याच्या मधोमध पडते आणि जास्त जोर लागतो. क्लॅम्प सैल करून लिव्हर आत सरकवा, तर्जनी टोकाच्या वळलेल्या भागावर आली पाहिजे. एकच बोट ब्रेकवर, बाकी ग्रिपवर. अंतराचा स्क्रू फिरवून लिव्हर जवळ घ्या. कोन असा की उभं राहिल्यावर मनगट मोडणार नाही.

उतारभर ब्रेक घासत ठेवू नका. थोडा वेळ जोरात, मग पूर्ण सोडा. पॅडवरचा थर मिलिमीटरभरच उरला असेल तर बदला. लिव्हर स्पंजासारखा लागला तर नळीत हवा आहे, ब्लीड करावं, म्हणजे ती हवा काढावी लागेल. ब्रेक किंचाळतो आणि धरतही नाही, असं असेल तर बहुधा चेनचं स्प्रे-तेल डिस्कवर उडालंय. डिस्क अल्कोहोलने पुसता येते, तेल प्यायलेले पॅड सहसा टाकावेच लागतात.

नवी_चेन

मागे ३०, पुढे २५ केलं. लॉक उघडाच होता, पण सॅग फक्त ९ मिमी निघाला. फोर्कवरच्या तक्त्याप्रमाणेच हवा आहे. किती काढू?

आतली_लाईन

तक्ता हा अंदाज असतो. एका वेळी ५ पीएसआय काढा, प्रत्येक वेळी फोर्क दहा-बारा वेळा दाबून आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब समान होऊ द्या, मगच पुन्हा मोजा. शॉक पंपच वापरा, टायरचा नको. पंप जोडला की फोर्कमधली थोडी हवा त्याच्या नळीत जाते, म्हणून काटा मागच्यापेक्षा कमी दाखवतो. गळती समजून घाबरू नका. काढताना होणारी फुस्स मात्र नळीतल्याच हवेची, फोर्कमधली नाही. आणि हवा कमी केल्यावर फोर्क हळू परततो, तेव्हा रिबाउंडचा (परतण्याचा वेग ठरवणारा) खालचा नॉब एक-दोन क्लिक सशाच्या चित्राकडे, म्हणजे वेगवान बाजूला फिरवा.