प्रत्यारोपण झालेल्या पेशंटनी सिस्टरांचे आभार नाव घेऊन मानावेत का?

मोसंबीवाला (जालना)
माझ्या धाकट्या भावाचं किडनी प्रत्यारोपण छत्रपती संभाजीनगरला झालं. किडनी आईनं दिली. आता दोघंही बरे आहेत. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही सर्जनसाहेबांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला, तो गावभर फिरला. सिस्टरांचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. हे मला पटत नाही.

पहिल्या रात्री भावाची लघवी दर तासाला मोजत होते आणि ती जितकी होईल त्या हिशेबानं सलाईन सोडत होते. मध्यरात्रीनंतर लघवी एकदम कमी झाली. सिस्टरनी नळी कुठं मुडपली का ते बघितलं, पिशवी खाली घेतली, डॉक्टरांना फोन लावला. उचलला नाही तर परत लावला. नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. ती निघाली आणि धार सुरू झाली. पुढं घरी सोडताना त्याच सिस्टरनी वहिनीला टॅक्रोलिमसचं, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाचं, गणित समजावलं: गोळी दर बारा तासांनी, पण रक्तातली त्याची लेव्हल तपासायच्या दिवशी “आधी सुई, मग गोळी”, म्हणजे आधी रक्त द्यायचं. वहिनी आजही तेच म्हणती.

माझं मत सरळ आहे. ज्यांचं प्रत्यारोपण झालंय त्यांनी चारचौघांत सिस्टरचं नाव घ्यावं, तिनं काय केलं ते सांगावं.

कोरडवाहू (बीड)
मला हे मान्य नाही. सिस्टर पगार घेतात, काम करतात. त्यांचा मान ठेवावा, नीट बोलावं, एवढं बास. आभार मानायचेच तर किडनी देणाऱ्या आईचे माना.

आणि माझी खरी भीती वेगळी आहे. आपल्याकडं आभाराचं कधी पाकीट होतं ते कळत नाही. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात एका दवाखान्यात पोरगं दाखवायच्या आधी “खुशी” मागितली होती. ज्याच्याकडं द्यायला काही नाही तो माणूस मग बेल वाजवायलासुद्धा भितो. सत्काराची पद्धत पडली की पुढच्या गरिबावर तिचं ओझं येतं.

मोसंबीवाला
पैशाचं मी कुठं म्हणलं? नाव घ्या म्हणतोय. सर्जनचं नाव घेताना आपल्याला पाकिटाची आठवण येत नाही, सिस्टरचं घेतलं की लगेच कशी येती?

रात्रपाळी (नांदेड)
मी स्टाफ नर्स आहे, प्रत्यारोपणाच्या आयसीयूत काम केलंय. दोघांनाही सांगते.

शाल-श्रीफळ नको. फुलं तर बिलकूल नकोत. नवीन अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून पेशंटची प्रतिकारशक्ती औषधानं दाबलेली असते, आणि ताज्या फुलांत, कुंडीतल्या मातीत बुरशी असते. प्रेमानं आणलेला गुच्छ आम्हाला दारातूनच परत पाठवावा लागतो, नातेवाइकांचं तोंड उतरतं.

पण पत्र लिहा. मेट्रनच्या, म्हणजे दवाखान्यातल्या मुख्य सिस्टरच्या नावानं, त्यात सिस्टरचं नाव, तारीख आणि तिनं नेमकं काय केलं ते. एका पेशंटनं माझ्याबद्दल असं पत्र दिलं होतं, ते माझ्या फाईलला लागलं. “सगळ्या स्टाफचे आभार” यातून कुणालाच काही मिळत नाही.

आणि पत्रात एक प्रश्नही विचारा: रात्री या युनिटला किती सिस्टर असतात? खाजगी दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पगाराचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. तिनं सांगितलं, २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला २०,००० च्या खाली जाऊ नका. माझ्यासोबत शिकलेल्या कितीतरी जणी याच्याही खाली राबायल्यात. आम्हाला “देवी” म्हणणारे पुष्कळ भेटतात. पगाराबद्दल बोलणारे भेटत नाहीत.

अडकित्ता (लातूर)
ताई, तुमचा राग रास्त आहे, पण आभाराला मागणी जोडू नका. माझं लिव्हर प्रत्यारोपण झालंय. मला जन्मभर त्याच दवाखान्यात जायचंय. स्टाफ कमी का, असं लेखी विचारलं तर पुढच्या ओपीडीत मला काय वाटेल? हा लढा संघटनेनं लढावा, आम्ही सोबत येऊ. पण जिनं मला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं तिला “तुमच्यामुळं” असं म्हणायला मला दुसरं कारण लागू नये.

गोदाकाठ (परभणी)
तुम्ही सगळे घेणाऱ्याच्या बाजूनं बोलताय. आम्ही देणाऱ्याच्या बाजूला होतो.

दिराचा रस्त्यावर अपघात झाला. मेंदूमृत ठरवताना चार डॉक्टर असतात, तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. ते सहा तास आम्ही बाहेर बसून काढले. आत एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, दिराच्या डोळ्यांत मलम घालायचा, रक्तदाब सांभाळायचा, आणि कूस बदलताना त्यांना नावानं हाक मारायचा. अवयव चांगले राहिले ते त्याच्या हातामुळं. कायद्यानं ओळख गुप्त ठेवतात, म्हणून ज्यांना अवयव मिळाले त्यांना आम्ही माहीत नाही, तो ब्रदर तर नाहीच नाही. त्याचं नाव घेऊन आभार कोण मानणार? नाव घ्यायचा नियम केला तर हे लोक कायमचे बाहेर राहतात.

मोसंबीवाला
हा विचार माझ्या डोक्यात नव्हता. आमचं दान घरातलंच, म्हणून. पण ज्यांना मेंदूमृत दात्याचा अवयव मिळालाय त्यांनी नाव-गाव न लिहिता चिठ्ठी द्यावी, “तिकडच्या आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदरांसाठी” म्हणून. प्रत्यारोपण समन्वयकाला विचारून बघायला काय हरकत आहे?

कोरडवाहू
चिठ्ठीला, पत्राला माझा विरोध नाही. सत्काराला आहे आणि राहील. वॉर्डात पेढ्याचा डबासुद्धा नको, कारण शेजारच्या खाटेवरचा बघत असतो.

अडकित्ता
पेढ्यावर एवढं कडक होऊ नका. सगळ्या वॉर्डाला वाटला तर त्यात कुणाचं ओझं?

मोसंबीवाला
पत्र लिहायला घेतलंय. अडचण एकच, रात्रीच्या त्या सिस्टरचं पूर्ण नाव आम्हाला माहीत नाही. तक्त्यावर नुसती सही होती.

रात्रपाळी
ड्यूटीचं वेळापत्रक वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडं असतं. तारीख आणि पाळी सांगा, त्या नाव काढून देतील.