जागेपणी झालेली ऑपरेशनं: डोळा, दात आणि भूल

पुढच्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ‘काही कळतसुद्धा नाही गं’ असं जो तो सांगतो, आणि आई जास्तच घाबरते. तेवढीच जागा बधीर करून डोळ्याचं किंवा दाताचं काम झालं असेल, तर नक्की काय कळलं ते लिहा.

*

कळतं की! माझ्या मोतीबिंदूला भुलीचे फक्त थेंब घातले होते. दुखलं नाही, पण डोळ्यावर दाब येत होता, पाणी पडत होतं, मशीनची घरघर चालू होती. ‘काका, दिव्याकडे बघा’ म्हणाले. बघतो तर एकाचे तीन दिवे, मग नुसतेच रंग पसरलेले. मला ते चक्क आवडलं. त्रास झाला तो तोंडावरच्या कापडाचा. मध्येच खोकल्याची उबळ आली. डोकं न हलवता ‘खोकला येतोय’ म्हटलं, डॉक्टरांनी हात काढून घेतला, खोकलो, काम पुढे सुरू. हे आईंना आधीच सांगून ठेवा.

*

माझ्या सासूबाईंना डोळ्याशेजारी इंजेक्शन दिलं होतं. टोचताना ताण बसला, मग बुबुळ हलेना. पट्टीआड डोळा उघडा आहे की मिटलेला, हेही त्यांना सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य: ‘भिंतीला रंग कधी दिला?’

*

खालची अक्कलदाढ. अर्धा ओठ, अर्धी जीभ, हनुवटी, सगळं बधिर. दुखलं शून्य, पण दाढ सुटतानाचा तो कडकड आवाज थेट डोक्यात घुमतो. इंजेक्शननंतर छातीत धडधडलं, ते औषधातल्या अ‍ॅड्रेनलिनमुळे. थोड्या वेळात थांबलं.

*

मी दंतवैद्य. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र, दाढेजवळ टोचलं की बहुतेक वेळा भागतं. खालचं हाड जाड, म्हणून मागे जाऊन मुख्य नसच गाठावी लागते. दाढेत पू असेल तर भूल नीट चढत नाही, कारण तिथली आम्लता औषधाला नसेत शिरू देत नाही. तेव्हा दुखलं तर सोसू नका, हात वर करा. १८८४ साली व्हिएन्नाच्या डॉक्टर कार्ल कोलरने डोळा बधिर केला तो कोकेनच्या थेंबांनी! आमचं रोजचं भुलीचं औषध, लिग्नोकेन, १९४३चं, स्वीडनचं.

*

लहान मुलांचं कुणी लिहिलं नाही. आमच्या चिरंजीवांनी घरी येईपर्यंत बधिर ओठ चघळून चघळून सुजवला. दाढ ठीक होती.