पिकअपचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) खरंच गेलाय का? आणि बदलायचा तर काय काय करावं लागेल?

लोडिंगवाला (प्रश्न):
गाडी चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल पिकअप. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. किल्ली ऑन केली की मीटरमधले बाकीचे दिवे लागतात, चेक इंजिनचा मात्र मुळीच लागत नाही. स्कॅनर एबीएसशी (ब्रेकच्या कॉम्प्युटरशी) आणि मीटरशी बोलतो, इंजिनशी संपर्कच होत नाही. एबीएसमध्ये यू०१०० कोड साठलाय. ईसीएमचे फ्यूज काढून पाहिले, शाबूत आहेत. ‘ईसीएम गेला, बदला’ असं निदान मिळालंय आणि त्याच मॉडेलच्या गाडीतला वापरलेला ईसीएम मिळतोय. तो नुसता कपलर लावून चालेल का? आणि त्याआधी जुना खरोखर मेलाय हे कसं पक्कं करायचं?

तेराचौदाचा_पाना:
आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलू, कारण ईसीएम गेला म्हणून काढलेले बरेच ईसीएम चांगले निघतात. यू०१०० चा अर्थ इतकाच की एबीएसला ईसीएमचा आवाज ऐकू येत नाही. तो मेलाय, उपाशी आहे की त्याची तार तुटलीय, हे कोड सांगत नाही.

सर्किट डायग्रामवरून ईसीएमच्या कपलरमधल्या कायम बारा व्होल्टच्या, इग्निशनच्या, मेन रिलेकडून येणाऱ्या आणि अर्थच्या पिना शोधा. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे एकच धागा शिल्लक असलेली तारसुद्धा १२.६ व्होल्ट दाखवते. २१ वॅटचा बल्ब लोड म्हणून लावा आणि मग मोजा: सप्लाय बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडता कामा नये. बल्ब पेटलेला असताना अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यातला फरक ०.१ व्होल्टच्या आत हवा. मेन रिलेची कॉइल बहुतेक गाड्यांत ईसीएम स्वतः अर्थ करतो. म्हणून कपलर काढलेला असताना त्या पिनेला हातानं अर्थ देऊन रिले ओढतोय का ते बघा.

मग ५ व्होल्टची लाइन. हे बरेच जण विसरतात. रेल प्रेशर सेन्सर, बूस्ट सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल यांपैकी एकाची ५ व्होल्टची तार अर्थला टेकली तर काही ईसीएम पूर्ण गप्प बसतात, अगदी मेल्यासारखे. ईसीएम जोडून, किल्ली ऑन ठेवून एकेका सेन्सरचा कपलर काढत जा आणि ५ व्होल्ट परत येतात का पाहा. सगळे काढूनही आले नाहीत तर लूम (तारांचा जुडगा) इंजिनच्या ब्रॅकेटला घासलाय का ते तपासा.

शेवटी कॅन, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती लाइन. बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. पुष्कळ गाड्यांत त्यातला एक ईसीएमच्या आत असतो. तसं असेल तर ईसीएम जोडलेला असताना १२० दिसणं म्हणजे त्याच्याकडे जाणारी तार तुटलीय किंवा पिन सैल आहे.

तारजोड:
वरचं सगळं बरोबर निघालं तरच ईसीएमला दोष द्या, आणि तेव्हाही नवा लगेच जोडू नका. जुना कशानं मेला ते सापडलं नाही तर नवाही त्याच वाटेनं जाईल. इंजेक्टर, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), रिलेंच्या कॉइल, यांपैकी काहीही शॉर्ट असेल तर ईसीएममधला त्याचा ड्रायव्हर (त्याला करंट देणारा भाग) जळतो. सोलेनॉइड इंजेक्टरचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. तिथे साधा मीटर अचूक सांगत नाही, म्हणून चारही एकमेकांशी ताडून पाहा. पिनेपासून इंजेक्टरच्या बॉडीपर्यंत मात्र काहीच कंटिन्युइटी यायला नको. इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या तारांना हात लावू नका. तिथे ६० व्होल्टच्या वर दाब असतो, पिझो इंजेक्टरला त्याहून बराच जास्त.

बॅटरी न काढता चॅसीवर वेल्डिंग झालंय का, जंपर उलटा लागला होता का, हेही आठवून पाहा. कपलरच्या पिनांवर हिरवट थर म्हणजे पाणी. तेलकट असतील तर कॅम सेन्सर किंवा ऑइल प्रेशर स्विचमधून तेल तारेच्या धाग्यांमधून चढत ईसीएमपर्यंत आलेलं असतं. तो सेन्सर न बदलता नुसत्या पिना पुसल्या तर तेल पुन्हा येणारच.

डिझेल_डोकं:
वापरलेला नुसता जोडून गाडी चालू होणार नाही. त्यात दुसऱ्या गाडीचा चॅसी नंबर आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखण्यासाठी किल्ली ओळखणाऱ्या यंत्रणेचा) कोड आहे. सेल्फ फिरेल, पण डिझेल सुटणार नाही. तुमच्या जुन्याचा डेटा वाचून त्यात उतरवावा लागतो, म्हणजे क्लोन. जुन्या पिढीत हा डेटा वेगळ्या ईईप्रॉम (मेमरी) चिपमध्ये असतो, त्यामुळे प्रोसेसर मेला तरी वाचता येतो. नव्या पिढीत तो प्रोसेसरच्या आतच असतो आणि मग प्रोसेसर किती शाबूत आहे त्यावर सगळं अवलंबून. म्हणून जुना ईसीएम फेकू नका, कुणाला उघडूही देऊ नका.

लेबलवरचा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर, दोन्ही जुळवा. कपलर बसतो म्हणजे ईसीएम जुळला असं नाही.

कोडिंग किंवा फ्लॅशिंग (ईसीएममध्ये सॉफ्टवेअर भरणं) करताना बॅटरीला स्थिर १३.५ व्होल्ट देणारा सप्लाय जोडा. साधा चार्जर नको, त्याचा करंट लहरी असतो. मध्येच व्होल्टेज पडलं तर चांगला ईसीएमही गेला म्हणून समजा. क्लोन न करता कोरा ईसीएम लावलात तर चारही इंजेक्टरच्या डोक्यावरचे कोड सिलिंडरप्रमाणे भरा, नाहीतर आयडलला थरथर आणि धूर. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर काजळीचा हिशेबही भरावा लागतो. कोऱ्या ईसीएमला फिल्टर रिकामाच वाटतो.

लोडिंगवाला:
मोजलं. सप्लाय बल्बवर १२.३, बॅटरीला १२.५. अर्थ ०.०४. मेन रिले हातानं अर्थ दिल्यावर ओढतो, एरवी नाही. सगळे सेन्सर काढूनही ५ व्होल्ट शून्य, लूम कुठे घासलेला नाही. कॅन ६० ओहम. इंजेक्टर चारही सारखे, बॉडीला शॉर्ट नाही. पण मोठ्या कपलरच्या खालच्या कोपऱ्यातल्या तीन पिना हिरव्या आहेत.

तारजोड:
मग ईसीएम गेलाय आणि कारण पाणी. त्या तीन पिना घासून भागत नाही, मुलामा निघून आठवड्यात पुन्हा हिरव्या होतील. कपलरमधली टर्मिनल नवीन क्रिंप करा, आणि तार आतून काळी असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. सील फाटलंय का तेही बघा.

बदलताना बॅटरीचं निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. ईसीएमच्या पिनांना बोट लावू नका. कपलरची लिव्हर पूर्ण बसली पाहिजे, अर्धवट बसली तर आज चालेल आणि खड्ड्यात बंद पडेल.

पहिल्यांदा सेल्फ मारू नका. किल्ली ऑन करा, चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याजवळ, थंड इंजिनाचं कूलंट आणि हवेचं तापमान जवळपास सारखं, पेडल दाबल्यावर सलग वाढणारी टक्केवारी, एवढं जुळलं की मग सेल्फ.

आणि लूम ईसीएमकडे वरून सरळ उतरत असेल तर पाणी तारेवरून थेट कपलरमध्ये जातं. कपलरच्या आधी लूमला खाली एक झोळ द्या आणि क्लिपनं बांधा. पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडेल.