मुलगा विश्वासापासून दूर गेला आहे; वाट पाहायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न (एक आई, सांगली जिल्हा)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. माझा मुलगा शब्बाथशाळेत (रविवारच्या बायबलवर्गात) वाढला, त्याचे दृढीकरण (विश्वास जाहीरपणे कबूल करण्याचा विधी) झाले, आणि उपासनेच्या वेळी तोच पेटी वाजवीत असे. तो कॉलेजात असताना त्याचे वडील आजारी पडले. त्या काळात त्याने जितकी प्रार्थना केली तितकी आमच्या घरात दुसऱ्या कोणी केली नसेल; रात्री मला जाग आली की तो वडिलांच्या खाटेशी गुडघे टेकून बसलेला दिसे. वडील गेले, आणि त्यानंतर हळूहळू त्याचे मंडळीत (चर्चमध्ये) येणे बंद झाले. आता तो पुण्यात नोकरी करतो, माझे औषधपाणी पाहतो, नियमाने फोन करतो, पण देवाचा विषय निघाला की एवढेच म्हणतो, "आई, तेव्हा ऐकले का त्याने?"

मी अनेक वर्षे त्याच्यासाठी प्रार्थना करीत आहे. मंडळीतले काही जण म्हणतात की माझाच विश्वास कमी पडतो आहे, म्हणून मी उपवास धरावा. काही जण म्हणतात की देवाची वेळ अजून आलेली नाही, तेव्हा शांत राहावे. पहिले ऐकले की अपराधी वाटते आणि दुसरे ऐकले की फार एकटे वाटते. देवावर भरवसा ठेवून वाट पाहणे म्हणजे रोज नेमके काय करणे, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर (निवृत्त पाळक, नगर)

ताई, आपला विश्वास कमी आहे असे आपल्याला ज्यांनी सांगितले, त्यांनी ते सांगायला नको होते. जी आई इतकी वर्षे एकाच मागणीसाठी देवासमोर जाते, तिच्या विश्वासाचे माप काढण्याचा अधिकार मंडळीत कोणालाच नाही. उपवास धरावासा वाटला तर जरूर धरा, परंतु देवाकडून काही मिळवण्याची किंमत म्हणून धरू नका.

आपली गोष्ट वाचताना मला मोनिका आठवली. उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावची ही बाई. तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे थोर ख्रिस्ती धर्मगुरू झाला, तो तरुणपणी मानी पंथाच्या, म्हणजे प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वे मानणाऱ्या पंथाच्या, नादी लागला आणि सुमारे नऊ वर्षे त्यात राहिला. तिने एका बिशपांना गळ घातली की माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका त्याला दाखवा. ते बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढले होते, तरीही त्यांनी नकार दिला. तो सध्या ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला असू द्या, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, तुम्ही प्रार्थना करीत राहा, असे त्यांनी सांगितले. ती रडत आग्रह करीतच राहिली, तेव्हा ते थोडे वैतागून म्हणाले की इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणे शक्य नाही. मंडळीत आपण हे शेवटचे वाक्य नेहमी सांगतो आणि त्याआधीचा नकार मात्र गाळतो. माझ्या मते त्या नकारातच मोठे शहाणपण आहे.

त्यापुढची हकिगत मला अधिक महत्त्वाची वाटते. ३८३ साली ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून मोनिका बंदराजवळच्या हुतात्मा सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रात्रभर प्रार्थना करीत होती, आणि त्याच रात्री तो तिला न सांगता जहाजात बसून निघून गेला. सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या त्या आईला देवाने आपले ऐकले नाही असेच वाटले असणार. पण त्याच प्रवासातून तो पुढे मिलानला पोहोचला, तिथे त्याने बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकली, आणि ३८७ च्या पुनरुत्थान सणाला (ईस्टरला) त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्याने स्वतःच लिहिले की आईने त्या रात्री मागितलेले देवाने दिले नाही, ते ती नेहमी जे मागत असे ते देण्यासाठी.

उत्तर (वाचक, नाशिक)

पाळकसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट जोडावीशी वाटते. मोनिकेला आपल्या प्रार्थनेचे फळ पाहायला मिळाले. सर्वांनाच ते मिळते असे नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची नावे एकामागून एक येतात आणि शेवटी स्पष्ट म्हटले आहे की त्यांना वचनाप्रमाणे फलप्राप्ती झाली नाही. म्हणून मी ताईंना "तो नक्की परत येईल" असे वचन देणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही. देव त्या मुलाला विसरलेला नाही, एवढेच मी खात्रीने म्हणेन.

शांत राहण्याच्या सल्ल्याविषयी मात्र माझे मत अगदी वेगळे आहे. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीला "कोठवर" हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळदेखील नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मूल नसलेली हन्ना मंदिरात मुलासाठी अशी प्रार्थना करीत होती की एली याजकाला ती प्यायलेली वाटली. देवाशी तक्रारीच्या सुरात बोलणारा माणूस अजून देवाशीच बोलत असतो. ताई, आपण मन मोकळे करून रडा, विचारा, भांडासुद्धा.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत" हे वचन आपण भिंतीवर लावतो. ते बाबेलला बंदिवान करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे, म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण परतीचा दिवस पाहणारच नव्हते. त्यांना देव सांगतो की घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या हिताची प्रार्थना करा. मुलगा मंडळीत परत येईपर्यंत आपल्या आयुष्यातला आनंद थांबवून ठेवावा, असे देव आपल्याकडूनही मागत नाही. त्याच्या फोनचा आनंद घ्या, आणि त्याच्या कामासाठी व त्याच्या पुण्यासाठीही प्रार्थना करा.

उत्तर (एक मुलगा, ठाणे)

मी हे दुसऱ्या बाजूने लिहितो आहे. मीही काही वर्षे मंडळीपासून दूर होतो. त्या काळात मला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचने येत आणि मी ती न वाचता पुसून टाकीत असे. माझी आजी मात्र मला कधी वचन पाठवत नसे. मी गेलो की जेवायला वाढी, जेवणाआधी नेहमीप्रमाणे स्वतः प्रार्थना करी, आणि माझ्याकडून कशाचीही अपेक्षा करीत नसे. त्या घरी जायला मला कधी संकोच वाटला नाही.

काकू, आपल्या मुलाचा प्रश्न खरा आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये, असे मला मनापासून वाटते. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. तो आला तेव्हा लाजर मरण पावला होता, आणि त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघीही तेच म्हणाल्या, की प्रभू, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी एकीलाही या बोलण्याबद्दल रागे भरले नाही. मरीयेला तर त्याने काही समजावलेही नाही, तो रडला. आपल्या मुलाने वडिलांसाठी देवाला मागितले, आणि ते मिळाले नाही म्हणून तो रागावला आहे. ज्याचा देवाशी काहीच संबंध उरलेला नाही तो इतका रागावणार नाही. पुढच्या वेळी त्याने विचारले, "तेव्हा ऐकले का त्याने?" तर "मलाही हेच विचारायचे आहे" असे त्याला सांगता येईल का, ते पाहा. मला तसे कोणी सांगितले असते तर फार बरे वाटले असते.

उत्तर (प्रश्न विचारणारी आई)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मी मनापासून आभारी आहे. मी खरोखरच त्याला रोज वचन पाठवते. ते आता थांबवीन. मलाही तोच प्रश्न पडतो, हे मी त्याला आजवर कधीच सांगितलेले नाही, कारण आपण डळमळलो तर तो आणखी दूर जाईल अशी भीती वाटत होती. पुढच्या महिन्यात त्याच्या वडिलांची स्मरणप्रार्थना आहे. त्याला बोलवावे का?

उत्तर (निवृत्त पाळक, नगर)

अवश्य बोलवा. प्रार्थना किती वाजता आहे आणि जेवण किती वाजता आहे, दोन्ही वेळा त्याला सांगा. तो नुसता जेवणाच्या वेळी आला तरी त्याला वडिलांच्या गोष्टी सांगा, आणि प्रार्थनेला का आला नाहीस असे कोणी नातेवाईक विचारणार नाही एवढी व्यवस्था आधी करून ठेवा. आपल्या पाळकांशी मी बोलावे असे वाटत असेल तर कळवा, मी बोलेन.