कौल विज्ञानाने तपासता येईल का?

कातळसडा :
कोकणात देवाला कौल लावतात, गोव्यात प्रसाद घेतात. पद्धत साधारण सारखीच. फुलाच्या पाकळ्या किंवा कळे ओले करून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायचे आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवासमोर आपला प्रश्न मांडायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. यावर वाद निघाला की एक जण म्हणतो, श्रद्धेला पुरावा मागू नये. दुसरा म्हणतो, पाणी सुकलं की पाकळी पडणारच, त्यात काय तपासायचं? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. तपासायचंच ठरवलं तर नेमकं काय आणि कसं तपासायचं? आणि त्यातून श्रद्धेबद्दल काय कळेल?

मध्यक :
पाकळी का पडते, याने प्रश्न सुटत नाही. देव पाण्याच्या सुकण्यातूनच उत्तर देतो असं भाविक म्हणू शकतो, आणि त्यात तर्काची चूक नाही. तपासता येतो तो एकच दावा: उजवा कौल मिळालेल्या गोष्टी पुढे खरंच घडतात का?

त्यासाठी प्रश्न असा हवा की ठरलेल्या तारखेला "झालं" किंवा "नाही झालं" असं कोणीही सांगू शकेल. "भरभराट होईल का" चालणार नाही. "15 जूनच्या आत अमुक पर्जन्यमापकात 50 मिमी पाऊस नोंदला जाईल का" चालेल. असे 40 प्रश्न घ्या. घडण्या-न घडण्याची शक्यता जवळपास सारखी असलेलेच निवडा, नाहीतर उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. प्रश्न बंद पाकिटात ठेवा. पाकळी लावणाऱ्याला आतला मजकूर कळता कामा नये, कारण पाणी किती लावलं आणि बोट किती दाबलं यावर पाकळी किती वेळ टिकते ते ठरतं. यात लबाडी असायची गरज नाही, हात नकळतही तसा पडतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो मूर्तीचा दगड. एक अंग जास्त गुळगुळीत असेल, समई किंवा वाऱ्याची झुळूक एकाच बाजूला असेल, तर एकच पाकळी वारंवार आधी पडते. म्हणून नाणं उडवून निम्मे प्रश्न उलटे करायचे: "पाऊस पडेल का" ऐवजी "पाऊस पडणार नाही ना".

नुसत्या योगायोगाने 40 पैकी 20 च्या आसपास बरोबर येतील. 26 पर्यंत आले तरी विशेष नाही. 27 किंवा जास्त आले तर पुन्हा नव्या 40 प्रश्नांवर तपासायचं. दहाच प्रश्नांवर निष्कर्ष काढू नका, कारण 10 पैकी 7 किंवा जास्त बरोबर येणं योगायोगानेही साधारण सहा वेळांत एकदा घडतं.

पंचांगवाचक :
याच धर्तीची चाचणी महाराष्ट्रात झालेली आहे, ज्योतिषाची. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या आणि कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश 46 टक्के, आणि सर्वांत जास्त गुण 40 पैकी 24. एका संस्थेने सगळ्या 200 कुंडल्या तपासल्या, तिची 102 बरोबर आली. या चाचणीचं बळ आकड्यांपेक्षा मांडणीत आहे. यश कशाला म्हणायचं हे आधीच ठरलेलं होतं, नंतर अर्थ लावायला जागा नव्हती.

गावऱ्हाटी :
मांडणी पटली, पण कौल मुख्यतः भविष्य विचारायला लावत नाहीत. पालखी कधी काढायची, जीर्णोद्धाराला हात घालायचा का, मानाचा तंटा कसा मिटवायचा, अशी ती परवानगी असते. "पालखी मंगळवारी काढ" हा कौल खरा की खोटा, हे कुठल्या पर्जन्यमापकावर बघणार? दोन्ही बाजूंना मान्य होईल असा निर्णय देवासमोर होतो, हे त्याचं खरं काम. देवावरचा भरवसा 40 प्रश्नांत मावत नाही.

मध्यक :
@गावऱ्हाटी, मान्य. परवानगीच्या कौलाला ही चाचणी लागूच होत नाही, आणि तो चूक ठरवायचा अधिकार विज्ञानाला नाही. गावातले तंटे खरंच मिटतात का, हे मात्र नोंदी ठेवून बघता येईल.

माझा आग्रह एकाच ठिकाणी आहे. "साप चावलाय, दवाखान्यात न्यायचं का?" असा कौल लावला की ती परवानगी उरत नाही, तो जिवाबद्दलचा दावा होतो. बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. त्यामुळे डाव्या कौलावर घरी ठेवलेली माणसं अनेकदा वाचतात आणि कौल खरा ठरल्यासारखा दिसतो. ज्याच्या अंगात विष गेलंय त्याला प्रतिविषच लागतं, आणि कौलात गेलेला वेळ भरून येत नाही. तिथे आधी गाडी काढायची, गाऱ्हाणं वाटेत घालता येतं.