चेहऱ्याला जास्त बिट्स दिले, तरी व्हिडिओ वाईट का दिसतोय?

फ्रेमवेडा: लेक्चरचा व्हिडिओ आहे, एकच माणूस बोलतोय, मागे साधा पडदा. म्हटलं लोक चेहऱ्याकडेच बघणार तर बिट्स तिकडेच घालू, म्हणून एक्स२६४ (व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर) मध्ये चेहऱ्याच्या ब्लॉक्सना (चित्राच्या छोट्या चौकोनांना) क्यूपी (हा आकडा जितका जास्त, तितके बिट्स कमी आणि चित्र भरड) २४ च्या आसपास आणि बाकी सगळीकडे ४० ठेवला. फाइल मस्त लहान झाली, चेहरा चकाचक, पण ज्याला दाखवतो तो म्हणतो मागे काहीतरी वळवळतंय! कुठे किती बिट्स द्यायचे तो मॅप गंडलाय का?

जुनाकोडेक: मॅप बरोबर आहे रे, फरक फार ठेवलायस. क्यूपी ६ ने वाढला की क्वांटायझरची स्टेप (आकडे किती भरड करायचे ती पायरी) दुप्पट होते, तू १६ चा फरक ठेवलायस म्हणजे पडद्यावर सहापटीहून जास्त जाडा रंधा मारलास. डोळ्याला एकदम बारीक दिसतं ते जेमतेम २ अंशात, हात लांब करून अंगठ्याचं नख बघ, साधारण तेवढंच, हे खरंय. पण कडेच्या नजरेला बारकावे दिसत नसले तरी हालचाल आणि लुकलुक लगेच कळते. तुझ्या पडद्यावर दर कीफ्रेमला (जी फ्रेम पूर्ण नव्याने साठवली जाते) ब्लॉक्स बदलत असणार, झालं, नजर तिकडे. आणि मॅप तू काढलास मूळ व्हिडिओवरून, लोक बघतायत बिघडलेला.

पिक्सेलपंडित: शिवाय एक्स२६४ चं एक्यू (भागाप्रमाणे क्यूपी आपोआप बदलणारी सोय) सपाट भागाला मुद्दाम जास्त बिट्स देतं, कारण ब्लॉक्स तिथेच उघडे पडतात, तू नेमकं त्याच्या उलट केलंस 😄 फरक ५-६ वर आण, चेहऱ्याची कड एकदम तोडू नको, हळूहळू उतरव, आणि मॅप फ्रेमगणिक उड्या मारत असेल तर आधीच्या फ्रेम्सशी सरासरी घे. पडद्यावर आधी हलका डीनॉइज (दाणेदारपणा काढणारा फिल्टर) मारलास तर बिट्स असेही वाचतील. बाकी पीएसएनआर (मूळ चित्राशी किती फरक पडला ते सांगणारा आकडा) बघत बसू नको, तो सगळ्या पिक्सेलना सारखंच मोजतो.

फ्रेमवेडा: २६ आणि ३२ करून बघितलं, कड पण मऊ केली. फाइल वाढली थोडी पण वळवळ गेली. आता एकच, सर हात वर करतात तेव्हा बोटं चेहऱ्याच्या चौकटीबाहेर जातात आणि तिथे लापशी होते.

जुनाकोडेक: मग हातही घे ना मॅपमध्ये, बोलणारा हात हलवतो तेव्हा सगळे तिकडेच बघतात.