पोटाचा कॅन्सर: घरात कोणाला झाला असेल तर पहिलं काय दिसलं ते लिहा

काल सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना नणंद म्हणाली, दोन घासांतच पोट भरलं गं, आणि मला एकदम बाबा आठवले. त्यांचंही असंच. पोहे अर्धे टाकून उठायचे, मग पँट ढिली व्हायला लागली, चेहरा पांढराफटक. सगळे म्हणायचे अ‍ॅसिडिटी, गोळ्या चालूच. हिमोग्लोबिन फारच कमी आलं म्हणून एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून नळी घालून पोटात बघतात ती, तेव्हा कळलं. लिहा प्लीज, कुणाच्या तरी कामी येईल.

रामबागकर: आईला शी काळीकुट्ट, चिकट व्हायची, वास सहन होत नसे. शेजारच्या काकू म्हणाल्या आयर्नच्या गोळ्यांनी होतं तसं. होतं हे खरं, पण आई आयर्न घेतच नव्हती हो!! आतून रक्त जात होतं.

माळव्याची_लेक: आमच्या मामंजींच्या बायोप्सीत सिग्नेट रिंग सेल आले. मैत्रीण पॅथॉलॉजीत आहे, ती म्हणाली पेशीत म्युकस (चिकट द्रव) भरून न्यूक्लियस, म्हणजे पेशीचं केंद्र, कडेला सरकतो, खड्याच्या अंगठीसारखी दिसते. हा डिफ्यूज प्रकार, गाठ न करता भिंतीतल्या भिंतीत पसरतो, एंडोस्कोपीत वरून कधी कधी ठीकठाक वाटतं, म्हणून एक तुकडा घेऊन भागत नाही, बरेच घ्यावे लागतात. बाकी नंतर लिहिते, कुकर लागलाय

अण्णा_इंदूर: काकांना डाव्या हंसळीच्या (गळ्याजवळच्या हाडाच्या) वर गाठ आली, दुखत नव्हती म्हणून कुणी बघितलंच नाही. तोवर पसरला होता. फार त्रास झाला त्यांना.

रामबागकर: अरेरे अण्णा. हर२ टेस्ट केली होती का, कॅन्सरच्या पेशींवर ते प्रोटीन जास्त आहे का बघतात ती? पॉझिटिव्ह असेल तर केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे त्यावरचं औषध देतात.

अण्णा_इंदूर: केली, निगेटिव्ह.

पोहेजिलेबी: भावाला अल्सर, एच पायलोरी हा पोटातला जंतू निघाला. बॅरी मार्शलनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला होता, २००५ ला नोबेल मिळालं. सगळ्यांना त्यानं कॅन्सर होत नाही, घाबरू नका, पण अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा आणि नंतर जंतू गेला का ते परत तपासून घ्या.

माळव्याची_लेक: आले. मामंजींचं पूर्ण पोट (जठर) काढलंय, जिलेबी खाल्ली की घाम आणि धडधड. कोणाला अनुभव?

रामबागकर: डंपिंग ते, खाल्लेलं भराभर आतड्यात उतरतं. गोड बंद, थोडं थोडं पाच-सहा वेळा, पाणी जेवताना नाही, नंतर. आणि बी१२ चं इंजेक्शन कायमचं, विसरू नका.

माळव्याची_लेक: नाचणीची पेज चालेल?

रामबागकर: हो ताई, ताकातली करा, साखर नको.